एका कूपनाची तपासणी

मी पंख्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून आमच्या घरात, इमारतीत आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत माझ्या अकलेबद्दल जी चर्चा चालते, तिच्यात हा मुद्दा कुणी विचारातच घेत नाही. आमच्याकडे पंखा तयार झाला की तो मी लावून बघतो. हळू फिरवतो, जोरात फिरवतो, कान देऊन घरघर ऐकतो, आणि खात्री पटली की मगच तो खोक्यात जातो. आता मला सांगा, ‘हा तुम्ही आधीच लावून बघितलाय, आम्हाला नको’ असं म्हणून कुठल्या गिऱ्हाइकाने पंखा परत केलाय? तपासलेला माल न तपासलेल्या मालापेक्षा केव्हाही बरा, या तत्त्वावर माझं पोट चालतं आणि घरही चालतं. छत्री मी दुकानातच उघडून बघतो. कुलूप घेतलं तर दुकानदारासमोर पाच-सहा वेळा लावून काढतो. आमच्या रस्त्यावरचे दुकानदार मला ओळखतात. त्यांतले काही जण तर मी दिसलो की आतल्या खोलीत निघून जातात.

अशा माणसाच्या हातात मुलीने पाठवलेलं ते कूपन पडलं.

कूपन माझ्यासाठी नव्हतं, बायकोसाठी होतं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. आईच्या पन्नाशीनिमित्त तिने पोहण्याच्या वर्गाचं प्रीपेड कूपन पाठवलं. जाड, चकचकीत कार्ड, त्यावर निळंशार पाणी, त्या पाण्यात उगाचच हसणारी एक बाई, आणि मागे नखाने खरवडायची चंदेरी पट्टी. पट्टीखाली कोड होता. त्या कोडवर आपल्या भागातल्या तरणतलावात जागा पक्की.

बायकोला पोहायचं होतं. ‘बघू कधीतरी’ अशा थाटात नाही, अगदी मनापासून. लग्न झाल्यापासून मी ऐकत आलोय की, तिला एकदा पाण्यावर आडवं पडून वर बघायचंय. यात बघण्यासारखं काय आहे हे मी एकदा विचारलं होतं आणि दोन दिवस न बोलता जेवलो होतो. कूपन आल्यापासून ती हवेतच होती. पोहण्याचा पोशाख आणला, रबरी टोपी आणली. एकदा मी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर बाई ती टोपी घालून चहा गाळत होती. “डोक्याला सवय व्हायला हवी,” म्हणाली. सगळ्या इमारतीला सांगून झालं. जाऊबाईंना फोन करून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, “या वयात? अगं, पाणी बघूनच तुला चक्कर येईल!” त्या एका वाक्याने हा सगळा मामला आता प्रतिष्ठेचा झाला होता.

सोमवारी ती तलावावर जाऊन नोंदणी करणार होती. शनिवारी ती बाहेर गेलेली असताना मी विचार केला, बिचारी एवढ्या हौसेने जाणार, आणि तिथे कळायचं की कोड चालत नाही. चारचौघांत फजिती! त्यापेक्षा आपण घरीच एकदा तपासून ठेवावं. यात कुणाला काही वाकडं दिसत असेल तर त्याने ते कार्ड बघावं. मागे स्वच्छ छापलं होतं : ‘कोडची वैधता तपासण्यासाठी खालील क्रमांकावर पाठवा.’ तपासण्यासाठी! माझाच शब्द! त्याच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखीही काहीतरी होतं, पण तपासणीच्या माणसाने काय आता नक्षी पण वाचायची?

पट्टी खरवडली, कोड पाठवला. लगेच उत्तर आलं : ‘आपला कोड वैध आहे. अभिनंदन.’

मी खूश झालो. पण आमच्या विभागाचा नियम आहे, एका यंत्रावर पास झालेला माल दुसऱ्या यंत्रावरही बघायचा. बायको तिचा फोन घरीच विसरून गेली होती. त्यावरून मी तोच कोड पुन्हा पाठवला. उत्तर आलं : ‘हा कोड वापरला गेला आहे.’

दोन मिनिटांपूर्वी वैध असलेला कोड दोन मिनिटांत कुणीतरी वापरून मोकळा! मी खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यावर संशयास्पद असं कुणी नव्हतं, एक माणूस सायकलला हवा भरत होता. त्याच्याकडे मी बराच वेळ बघितलं.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. तिथे ते खांबावर चढून तारा जोडायचे की टेबलाशी बसून कागद जोडायचे, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण फोन या वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो. इमारतीत त्यांना सगळे तज्ज्ञ म्हणतात, आणि त्यांना तो मान वाटतो. मी त्यांच्याकडे धावलो. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही मेसेज वाचले, आणि डॉक्टर वाईट बातमी देण्यापूर्वी घेतात तसा श्वास घेतला.

“टोळी आहे,” ते म्हणाले.

“काय सांगता!”

“यांची माणसं मधे बसलेली असतात. आपण कोड पाठवला रे पाठवला की वरच्या वर झेलतात. आता एकच उपाय. तिसऱ्या फोनवरून पाठवायचा. ते पुन्हा झेलायला गेले की सापडलेच.”

सापडले म्हणजे कुठे, आणि सापडल्यावर त्यांचं आम्ही दोघं काय करणार होतो, हे मी विचारायला हवं होतं. पण अडला नारायण! त्यांनी स्वतःच्या फोनवरून कोड पाठवला. उत्तर आलं : ‘या कोडबाबत वारंवार प्रयत्न झाल्याने आपला क्रमांक संशयितांच्या यादीत टाकण्यात आला आहे.’

तज्ज्ञांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मी संशयित?” ते ओरडले. “मी? सगळा जन्म खात्यात काढला मी!” त्यांच्या पत्नी आतून बाहेर आल्या, त्यांनी मेसेज वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हातातला चहाचा कप, जो बहुधा माझ्यासाठी होता, परत आत नेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पहिल्याच मेसेजचा राहिलेला अर्धा भाग आला होता. मेसेज लांब असला की तो दोन तुकड्यांत येतो म्हणे, आणि दुसरा तुकडा त्याच्या सवडीने येतो. त्यात लिहिलं होतं : ‘या क्रमांकावर आपली नोंदणी पूर्ण झाली आहे. गट : महिला, प्राथमिक, सकाळ. कोड एकदाच वापरता येतो. तरणतलावात आपलं स्वागत आहे.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा! टोळीही मीच आणि चोरही मीच. वर महिला, प्राथमिक, सकाळ.

“अभिनंदन,” तज्ज्ञ कोरडेपणाने म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बायको घरी आल्यावर सांगावं लागलं. मी आधी तत्त्व सांगितलं, मग पंख्याचं उदाहरण दिलं, मग अक्षरांच्या आकाराबद्दल तक्रार केली, आणि अगदी शेवटी मूळ गोष्टीवर आलो. ती पिशवी हातात धरून उभ्या उभ्याच ऐकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काडी पेटते की नाही ते बघायला तुम्ही काडी ओढलीत,” ती म्हणाली. “पेटली. आता?”

मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही प्लीज आता काहीही तपासू नका. तक्रार नोंदवा आणि शांत बसा.” पोटची पोर, पण बोलताना साहेबाची भाषा!

मी तक्रार नोंदवली. ती पण मेसेजनेच नोंदवायची होती. ‘आपली तक्रार दाखल झाली आहे. आपला तक्रार कोड खालीलप्रमाणे,’ असं उत्तर आलं. संध्याकाळ गेली, रविवारची सकाळ गेली, पुढे काही नाही. तक्रार खरंच पोचली आहे ना, की वाऱ्यावर आहे? माणसाला वाटणारच ना! मी तक्रार कोड पाठवून विचारलं. उत्तर तत्काळ आलं : ‘आपण तक्रारीची स्थिती पाहिली आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे. हा कोड पुन्हा वापरता येणार नाही.’

हे मी बायकोला सांगितलं नाही. पण बाथरूममधून निघालेला माझा आवाज तिने ऐकला होता. “तपासलंत ना?” तिने बाहेरूनच विचारलं.

सोमवारी आम्ही दोघं तलावाच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे काचेची खिडकी आणि तिला खाली, पोटाच्या उंचीवर, अर्धवर्तुळाकार भोक. बोलायचं तर कमरेत वाकून त्या भोकात तोंड घालावं लागतं. अशा अवस्थेत माणूस मानाने बोलू शकत नाही. हे भोक तिथे मुद्दाम केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. आत एक कारकून संगणकासमोर बसला होता. मी वाकून सगळी हकीकत सांगितली. पहिल्यांदा त्याला ऐकूच गेली नाही, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितली. तोवर माझ्यामागे रांग लागली होती, आणि रांगेने ती मन लावून ऐकली.

“नंबर कुणाचा?” त्याने विचारलं.

“माझा.”

“मग सभासद तुम्ही.”

“पण गट महिलांचा आहे!”

“तीच तर अडचण आहे,” तो म्हणाला. जणू अडचण मी घरून डब्यात घालून आणली होती. “महिला गटात पुरुषांना प्रवेश नाही.”

“अहो, मला नकोच आहे प्रवेश!”

“मग नोंदणी का केलीत?”

रांगेत कुणीतरी हसलं. माझी कंबर धरली होती आणि डोकं तापलं होतं. मी म्हटलं, “माझ्याकडे बघा. मी तुम्हाला महिला वाटतो?” त्याने खरोखरच भोकातून बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “इथे तर तसंच दिसतंय.”

मी आणखी काही बोलणार होतो, पण बायकोने मला बाजूला केलं. ती वाकली वगैरे नाही. सरळ काचेवर बोटाने टकटक केली. तो कारकून उठून उभा राहिला. हे असं करता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“नाव बदलता येतं का?” तिने विचारलं.

“नावाचं काय बाई, नाव कितीही वेळा बदला. नंबर तेवढा बदलत नाही. कोड ज्या नंबरवर वापरला, तो नंबर कायम.”

“मग नाव माझं घाला. नंबर राहू दे यांचा.”

त्याने दोन मिनिटांत घातलं. ज्यासाठी मी तज्ज्ञांशी वैर घेतलं, पोरीची बोलणी खाल्ली आणि भर कचेरीत महिला ठरलो, ते काम दोन मिनिटांचं होतं. “फक्त एक,” तो बसता बसता म्हणाला, “रोज सकाळी फाटकापाशी त्या नंबरवर मेसेज येईल. त्याला तिथूनच ‘हजर’ असं उत्तर द्यायचं. त्याशिवाय आत सोडत नाहीत.”

म्हणजे माझा फोन रोज पहाटे फाटकापाशी हवा. बायको म्हणाली, “तुमचा फोन द्या, मी नेते.” पण महिला विभागात फोन न्यायला बंदी. सगळ्या बायका आपापले फोन रखवालदाराच्या टोपलीत टाकून आत जातात. टोपलीत! एकावर एक, बटाटे टाकावेत तसे. शिवाय पहाटेच्या पाळीत पंख्यांचा एखादा लॉट बिघडला की कारखान्याचा फोन मलाच येतो. तो काय रखवालदाराने घ्यायचा? त्यापेक्षा मी स्वतःच जायचं ठरवलं. दुसऱ्याची चूक असती तर मी चार शब्द सुनावले असते. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हापासून रोज उजाडता उजाडता मी फाटकाशी उभा. मेसेज आला की ‘हजर’ पाठवायचं. रखवालदाराच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा, आणि तो मोठ्याने म्हणायचा, “साहेब हजर! बाई, आत जा.” बाकीच्या बायका माझ्याकडे बघून हसत आत जायच्या. मग तास संपेपर्यंत मी रखवालदाराशेजारच्या बाकावर, मांडीवर बायकोची पिशवी घेऊन. मधे भिंत होती. भिंतीपलीकडून शिट्टी, पाण्याचा आवाज आणि शिकवणाऱ्या बाईंचा हुकूम एवढंच ऐकू यायचं. बाईंचा आवाज असा की, भिंतीअलीकडे मी पाठ ताठ करून बसायचो.

इथवर ठीक होतं. पण कारकुनाने एक गोष्ट सांगितलीच नव्हती. शिकवणाऱ्या बाई रोज प्रत्येकीची प्रगती यंत्रात भरायच्या, आणि ती प्रगती सभासदाच्या नंबरवर पोचायची. सभासदाचा नंबर म्हणजे माझा!

पहिल्या दिवशी आलं : ‘आज आपण पाण्यात पाय बुडवले.’ छान. दुसऱ्या दिवशी : ‘आज आपण पायऱ्या उतरलात.’ वा! त्यानंतर मात्र गाडी अडली. ‘आज आपण काठ धरून उभ्या होतात.’ ‘आज आपण काठ सोडण्यास नकार दिला.’ ‘आपण काठ सोडण्यास नकार दिला.’ रोज तेच! मेसेज यायचा तेव्हा मी बहुधा कामावर पोचलेलो असायचो. एकदा आमच्या मोठ्या साहेबांसमोर बैठक चालू होती. माझा फोन टेबलावर उताणा, आणि त्यावर ठळक अक्षरांत झळकलं : ‘आज आपण डोकं पाण्याखाली घालण्यास नकार दिला. प्रगती असमाधानकारक.’ साहेबांनी ते वाचलं. बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि हळूच विचारलं, “घरी सगळं बरं आहे ना?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असमाधानकारक म्हटलं नव्हतं. पण खरा त्रास तो नव्हता.

खरा त्रास हा होता की, घरी बायको वेगळंच सांगत होती. पहिल्या आठवड्यातच तिने मुलीला फोनवर सांगितलं, “अगं, काठ तर मी केव्हाच सोडला!” समोर मी बसलेलो, हातात फोन, फोनवर सकाळचा ताजा नकार. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं की, ती आता मधोमध जाते. जाऊबाईंना तर सांगितलं की, बाई तिला पुढच्या गटात घालायचं म्हणतायत. तिला हे मेसेज माझ्याकडे येतात याची कल्पनाच नव्हती. मला वाटलं, आता सांगावं. तपासणीचा माणूस मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर खराब माल ठप्पा मारून बाहेर चाललाय! मी तोंड उघडलंही. पण जाऊबाईंचा फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी बघितलं तर ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून नुसती उभी होती. पाणी उकळून उतू चाललं होतं, तरी तिचं लक्ष नव्हतं. मी तोंड मिटलं आणि गॅस बंद केला.

मला तिची दया आली आणि राग पण आला. राग तिचा नाही. त्या जाऊबाईंचा, त्या भिंतीचा, त्या ‘नकार दिला’ असं लिहिणाऱ्या यंत्राचा. अरे, नकार कसला देते ती? घाबरते! माणूस घाबरतो, हे लिहायला तुमच्याकडे रकाना नाही का?

मग आला शेवटचा घाव : ‘येत्या शनिवारपर्यंत काठ न सोडल्यास आपली जागा प्रतीक्षा यादीतील सभासदास देण्यात येईल.’

आता आली पंचाईत. तिला सांगावं, तर मला सगळं ठाऊक आहे हे तिला कळणार. न सांगावं, तर शनिवारी तिची जागा जाणार, सगळ्या इमारतीला आणि जाऊबाईंना कळणार, आणि पाण्यावर आडवं पडणं या जन्मी राहून जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी आडून आडून सुचवायला सुरुवात केली. जेवताना म्हटलं, “माणसाने ना, फार काही धरून बसू नये. सोडून द्यावं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही आधी टीव्हीचा रिमोट सोडा,” म्हणाली.

नाइलाजाने तज्ज्ञांकडे गेलो. संशयितांच्या यादीतून त्यांचा नंबर अजून निघाला नव्हता, तरी सल्ला मागणारा आला म्हटल्यावर त्यांनी दार उघडलं. मेसेज वाचून ते म्हणाले, “सोपं आहे. तुम्ही उत्तर पाठवा, ‘काठ सोडला’. नंबर तुमचा, सभासद तुम्ही, तुमच्या शब्दाला किंमत आहे. नोंद आपोआप बदलेल.”

खोटं कशाला बोला, या नंबरवर ‘काठ सोडला’ असं पाठवून काही होईल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण मी ते लिहिलं. दोन शब्द. बोट त्या बटणावर नेलं. आणि मग मनात आलं, आजवर न फिरणाऱ्या पंख्यावर मी कधी ‘फिरतो’ असा शिक्का मारला नाही. आणि जिने पंधरा दिवस पाण्यात उभं राहून भीतीशी झटापट केली, तिचा काठ मी बाकावर बसून सोडायचा? मी ते खोडलं. त्याऐवजी लिहिलं : ‘सभासद घाबरते आहे. पण रोज न चुकता येते. कृपया तिला थोडा वेळ द्यावा, ही हात जोडून विनंती.’ पाठवलं. उत्तर आलं : ‘आपला पर्याय ओळखता आला नाही. हजेरीसाठी हजर असे लिहा.’

मेल्यांनो!

शनिवार उजाडला. मी ‘हजर’ पाठवलं, हिरवा दिवा लागला, ती आत गेली. जाताना एकदा मागे वळून बघितलं, तसं ती कधी बघत नसे. मी बाकावर बसलो. रखवालदार त्याच्या भावाच्या जमिनीच्या वादाबद्दल काहीतरी सांगत होता. मी हो हो म्हणत होतो, कान भिंतीकडे. शिट्टी वाजली. बाईंचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. नेहमी पाण्याची धपधप असते, ती पण थांबली. मला वाटलं, संपलं. मग आतून एकदम खूप बायकांचा गलका उठला. मी पिशवी घट्ट धरली. गलका कसला, आनंदाचा की कुणी बुडालं म्हणून? भिंतीवर चढून वरच्या झरोक्यातून बघावं असं मनात आलं, पण या वयात, या तलावावर, महिला गटात नोंद असलेल्या माणसाने भिंतीवर चढणं बरं दिसलं नसतं.

फोन वाजला. आज मेसेज तास संपायच्या आतच आला : ‘आज आपण काठ सोडला.’

“सोडला!” मी ओरडलो आणि उठलो. पिशवी खाली पडली, कंगवा, पावडर, सगळं रस्त्यावर.

रखवालदार दचकला. “काय सोडलं?”

“काठ!”

“कुणी?”

आता त्याला काय सांगणार? त्याच्या यंत्रावर नंबर माझा होता. “मी!” मी म्हणालो. “मी सोडला!” त्याने माझ्या कोरड्याठाक कपड्यांकडे बघितलं आणि कंगवा उचलून दिला.

ती बाहेर आली. केस ओले, डोळे लाल. “कसं झालं?” मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

“रोजच्यासारखंच,” ती म्हणाली.

आम्ही चालू लागलो. बरोबरच होतं तिचं. काठ तर तिने केव्हाच सोडलेला होता, मुलीकडे, वहिनींकडे, जाऊबाईंकडे. आता आज सोडला हे ती सांगणार तरी कुणाला? तिला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. मला माहीत होतं आणि विचारता येत नव्हतं. दोघंही नाकासमोर बघत चाललो होतो.

“अहो,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही.”

चार पावलांवर पुन्हा, “अहो.”

“काय गं?”

“काही नाही म्हटलं ना.”

कोपऱ्यावर एक बंद दुकान आहे. त्याच्या पायरीपाशी ती थांबली. “मी खोटं बोलत होते,” ती म्हणाली. “सगळ्यांशी. तुमच्याशी पण. काठ मी कधी सोडलाच नव्हता. इतके दिवस नुसती धरून उभी राहायचे. आज सोडला. आत्ता सोडला, खरंच सोडला!”

“काय सांगतेस!” मी म्हणालो. सांगायला हरकत नाही, मला उत्तम जमलं.

मग तिने पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. पाय बुडवले, पायऱ्या उतरली, डोकं घालायला नाही म्हणाली. मी प्रत्येक वाक्याला “खरं की काय!” म्हणत होतो. हे सगळं माझ्या खिशात होतं, तारखेवार. पण मग ती म्हणाली की, बाईंनी आज तिला काही सांगितलंच नाही, नुसत्या पाठ करून उभ्या राहिल्या, आणि ते बघून तिला एकदम वाटलं की, आता कुणीच बघत नाहीये. तिने आधी एक बोट सोडलं, मग दुसरं. पाणी कानांत शिरलं आणि सगळे आवाज बंद झाले. आणि वर बघितलं तर छताला एक काच आहे, तिच्यातून आभाळ दिसतं, आणि हे इतक्या दिवसांत तिला ठाऊकच नव्हतं.

यातलं काही मेसेजमध्ये आलं नव्हतं.

“मग?” मी विचारलं. आता मला खरंच माहीत नव्हतं. ती पायरीवर बसली, मी शेजारी बसलो, आणि माझ्या कामाची वेळ होऊन गेली तरी ती सांगत होती.